चीनहून यंत्र मागवताना पैसे नेमके कुठे अडकतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुपवाड एमआयडीसीत तुमचा आणि भावाचा गाळा आहे, कागदी पिशव्यांचं यंत्र घ्यायचं आहे, चीनमधल्या रुइआनच्या एका कंपनीनं ४२,००० डॉलर एफओबी निंगबो (म्हणजे निंगबो बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च धरून) असा भाव दिलाय आणि ती ३० टक्के आगाऊ मागतेय. बाकीचे ७० टक्के माल निघण्याआधी. "पैसे पाठवले आणि पार्टी गायब झाली तर?" असं तुम्ही विचारलंय.

मी २००८ पासून चीनहून यंत्रं आणि सुटे भाग आणतेय. आधी आमच्याच भोसरीच्या कारखान्यासाठी आणायचे, आता बहुतेक इतरांसाठी. त्या अनुभवावरून सांगते, पार्टी गायब होण्याची तुमची भीती अगदीच चुकीची नाही, पण ती तुमच्या यादीत पाचव्या-सहाव्या नंबरवर असायला हवी. माझ्या पाहण्यात पूर्ण फसवणूक क्वचित झाली. यंत्र आलं, रंगरंगोटी झकास, पण गाळ्यात उभं करून सहा महिने झाले तरी नीट चालत नाही, असं मात्र कितीदा तरी झालं. त्यात कोणी चोर नसतो. पुरवठादार म्हणतो मी सांगितलं तेच दिलं, आणि कागद काढून बघितला तर तो खरं बोलत असतो.

तेव्हा ३० टक्के द्यावेत का, हा खरा प्रश्न नाही. ते द्यावेच लागतील. उरलेले ७० टक्के तुमच्या हातात आहेत तोवर काय काय लिहून, तपासून आणि चालवून घेता येईल, हे ठरवायचं आहे. ती रक्कम गेली की तुमच्या मेसेजला उत्तर यायला तासाऐवजी आठवडा लागतो. हे चीनपुरतंच नाही म्हणा, राजकोटलाही तसंच होतं. फरक एवढाच की राजकोटला तुम्ही रात्रीची गाडी पकडून जाऊन बसू शकता.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून कळणार नाहीत. बँकेत तुमची कर्जाची लिमिट आहे का, कागद कुठल्या मिलचा वापरणार, पिशव्या किराणा दुकानाच्या की मिठाईवाल्यांच्या, गाळ्याला वीज किती मंजूर आहे. त्यामुळे खाली जिथे आकडे देते तिथे ते नमुन्याचे समजा.

आधी समोरचा कोण आहे ते. रुइआन हे वेन्झोऊच्या हद्दीतलं शहर, झेजियांग प्रांतात. पिशव्यांची, छपाईची, पॅकिंगची यंत्रं तिथे घराघरांत बनतात म्हटलं तरी चालेल. इचलकरंजीत माग तसं. म्हणजे पार्टी योग्य गावची आहे, ही पहिली चांगली खूण. कोणी कागदी पिशवीचं यंत्र भलत्याच प्रांतातून देऊ केलं असतं तर मी आधी विचारलं असतं की बाबा, बनवतं कोण?

त्यांच्याकडून बिझनेस लायसन्सचा फोटो मागवा. संकोच करू नका, तिथे ही रोजची गोष्ट आहे. त्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, स्थापनेची तारीख असते आणि कंपनीला काय करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. चिनी सरकारच्या कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक फुकट तपासता येतो. भाषा चिनी असली तरी मोबाइलचं भाषांतर कामापुरतं पुरतं. परवानगीच्या रकान्यात 'उत्पादन' आहे की नुसती 'विक्री', ते बघा. नुसती विक्री असली तर तुम्ही दलालाशी बोलताय. दलाल वाईट असतो असं नाही, पण मग यंत्राच्या दुरुस्तीचं उत्तर त्याच्याकडे नसणार हे धरून चाला. आणखी एक, कंपनीचं इंग्रजी नाव हे नुसतं हाक मारायचं नाव. कायद्यात मोजतात ते चिनी अक्षरांतलं नाव आणि लाल गोल शिक्का. करारावर दोन्ही पाहिजेत. अलीबाबाच्या वेबसाइटवरचा 'गोल्ड सप्लायर' हा बिल्ला वार्षिक फी भरून मिळतो, त्याला दर्जाचं प्रशस्तिपत्र समजू नका.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका 'फॅक्टरी'च्या पत्त्यावर पोचले तर अकराव्या मजल्यावर तीन टेबलं, एक माशांची टाकी आणि चहा. चहा उत्तम होता. त्या मुलीनंच (सेल्सच्या मुली लिली, विवियन अशी नावं घेतात, खरं नाव विचारलं की हसतात) मला टॅक्सीत घालून खऱ्या कारखान्यात नेलं आणि मालकाची, म्हणजे त्यांच्या 'लाओबान'ची, गाठ घालून दिली. पुढे चार यंत्रं त्याच मालकाकडून थेट घेतली. तेव्हा जमलं तर जाऊन या. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहेत. शांघायला उतरलात तर रुइआनपर्यंत वेगवान रेल्वेनं साधारण चार तास. ३८ लाखांच्या खरेदीसाठी लाख-दीड लाखाची खेप महाग नाही. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. काय न्यायचं ते सांगते, कारण माझ्या मते तुमच्या व्यवहारातली सगळ्यात नाजूक जागा तीच आहे.

तुमचा कागद न्या.

रुइआनमध्ये ट्रायल घेतात ती त्यांच्याकडच्या कोऱ्या लगद्याच्या लांब धाग्याच्या क्राफ्टवर, म्हणजे पिशव्यांच्या तपकिरी कागदावर. तो कागद ताणला तरी तुटत नाही, दमटपणा एकसारखा, रोल गोल गरगरीत. आपल्याकडे छोटे उत्पादक घेतात तो बहुतेक रद्दीपासून पुन्हा बनवलेला क्राफ्ट. बर्स्ट फॅक्टर (दाबाखाली न फाटण्याची ताकद) कमी, एका रोलमध्ये दोन-तीन जोड, कडा थोड्या खाल्लेल्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर हाताला ओला लागतो. तिकडे मिनिटाला २०० पिशव्या काढणारं यंत्र इथे ९० वर आणलं तरी कागद तुटतो. पुरवठादार म्हणतो तुमचा कागद खराब, मिलवाला म्हणतो तुमचं यंत्र खराब, आणि मधे तुम्ही रोल बदलत बसता. म्हणून तुम्ही रोज वापरणार त्याच मिलचे, त्याच जीएसएमचे (चौरस मीटरला किती ग्रॅम, त्या वजनाचे) दोन-तीन रोल आधी पाठवा. न्यायला जड पडतात, कुरिअरनं महाग पडतात, तरी पाठवा. मी हे २०१४ पासून प्रत्येक व्यवहारात करते आणि दोनदा याच ट्रायलमध्ये यंत्र बदलून मोठ्या ताण-नियंत्रणाचं घेतलं. रोलचा गाभा आणि रोलची कमाल रुंदी-व्यासही जुळतो का ते तिथेच कळतं.

मग करारात वेग लिहिताना 'मिनिटाला २०० पिशव्या' असं मोघम लिहू नका. तो आकडा सगळ्यात छोट्या पिशवीचा असतो. पिशवीची लांबी वाढली की वेग उतरतो. तुमच्या खपातल्या तीन मापांची नावं घ्या, प्रत्येकाला कागदाचा जीएसएम, वेग आणि टाकाऊ पिशव्यांचं कमाल प्रमाण लिहा, आणि सलग दोन तास चालवून दाखवायचं असं लिहा. सलग. पाच मिनिटं कुठलंही यंत्र चालतं. डिंक कोणता चालणार, पाण्यातला की गरम, तेही लिहा. बाटलीबंद चिनी डिंक संपल्यावर सांगलीत काय मिळतं ते आधी बघून ठेवलेलं बरं.

विजेचं दुसरं. चीनमधला तीन-फेज पुरवठा ३८० व्होल्टचा, आपला ४१५ चा. दोन्हीकडे ५० हर्ट्झ, त्यामुळे 'सेम सेम, नो प्रॉब्लेम' असं उत्तर येतं. २०१२ मध्ये माझ्या एका ग्राहकाकडे भोसरीत असंच यंत्र आलं. दिवसा छान चालायचं, रात्री अकरानंतर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) बंद पडायचा. चार रात्री आम्ही सॉफ्टवेअरमध्ये डोकं घातलं. पाचव्या रात्री वायरमननं मीटर लावला तर ४३८ व्होल्ट. शेजारचे कारखाने बंद झाले की लोड उतरायचा आणि व्होल्टेज चढायचं. ३८० ला दहा टक्के वर धरले तरी ४१८ होतात, म्हणजे ड्राइव्हचा काही दोष नव्हता. शेवटी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बसवला, खर्च आमचाच. तेव्हापासून ऑर्डरमध्ये ४१५ व्होल्ट, वर-खाली दहा टक्के, ५० हर्ट्झ, भोवतालचं तापमान ४५ अंश आणि पॅनेलला एसी किंवा मोठा पंखा, अशी ओळ असतेच. सांगलीच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली पॅनेलच्या आत काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) कोणत्या कंपनीचा, त्याचा सुटा भाग पुण्या-मुंबईत मिळतो का, स्क्रीन इंग्रजीत आहे का, हे विचारा. पीएलसीच्या प्रोग्रामची प्रत मागा आणि 'टाइम लॉक नसेल' असं करारात लिहून घ्या. काही बनवणारे प्रोग्राममध्ये कुलूप घालून ठेवतात. ठरावीक तास किंवा दिवस झाले की यंत्र थांबतं आणि त्यांनी दिलेला आकडा टाकेपर्यंत चालत नाही. उधारी वसूल करायची ती त्यांची युक्ती. पण तुम्ही तर सगळे पैसे आधीच देणार आहात, मग कुलूप कशाला?

आता पैसे. ३०-७० हा तिथला रिवाज आहे, त्यावरून पार्टी खरी-खोटी ठरत नाही. तुम्ही मागायचं ते असं: ३० टक्के ऑर्डरबरोबर, ७० टक्के ट्रायल तुमच्या माणसानं किंवा तपासणी कंपनीनं पास केल्यावर. माल जहाजावर चढल्याच्या बिल ऑफ लेडिंगच्या प्रतीवर ७० टक्के घ्यायला तयार झाले तर सोन्याहून पिवळं, पण मापानुसार बनवलेल्या यंत्राला ते सहसा मानत नाहीत, कारण तुम्ही नाही म्हणालात तर तेच यंत्र दुसऱ्याला विकणं अवघड. दहा टक्के यंत्र इथे चालल्यावर देऊ, हे प्रत्येक जण मागतो. मला पाच टक्के राखून ठेवायला मिळाले तेही तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरला. पहिल्या व्यवहारात त्यासाठी भांडण्यापेक्षा तेवढ्या किमतीचे सुटे भाग त्याच कंटेनरमध्ये फुकट मागा: सुऱ्या, बेअरिंग, सेन्सर, बेल्ट, एक जादा सर्व्हो ड्राइव्ह. ते लगेच हो म्हणतात. आणि ड्राइव्ह जळाल्यावर तो विमानानं मागवायचा खर्च आणि बंद पडलेले दिवस धरले तर तुम्हीच फायद्यात.

कोणी तुम्हाला एलसीच (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) उघडा असं सांगेल. एलसी चांगली, पण ती काय करते ते समजून घ्या. बँक कागद बघते, यंत्र बघत नाही. कागद एलसीतल्या अटींबरहुकूम असले की बँकेला पैसे द्यावेच लागतात, कंटेनरमध्ये भंगार का असेना. म्हणून एलसी उघडायचीच असेल तर तपासणी कंपनीचा दाखला हा त्या कागदांपैकी एक ठेवा, तरच तिला अर्थ. शिवाय तुमची लिमिट नसेल तर बँक पूर्ण रकमेची एफडी मागेल, आणि ४२ हजार डॉलरसाठी रुइआनचा छोटा कारखानदार एलसीच्या भानगडीत पडायला सहसा राजी नसतो. तुमच्या जागी मी असते तर टीटीच (बँकेतून थेट पैसे पाठवणं) केलं असतं आणि एलसीचा खर्च वाचवून तपासणीला लावला असता. एका माणसाचा एक दिवस दोनशे-तीनशे डॉलरच्या आसपास पडतो.

स्वतः जाणं जमलंच नाही तर तपासणीवाल्याबरोबर व्हिडिओ कॉलवर बसा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाठवतो म्हणाले तर एकच अट, न कापलेला हवा: आधी नावाच्या पट्टीवरचा यंत्राचा क्रमांक, मग कागदावर हातानं लिहिलेली आजची तारीख, मग तुमचा रोल चढवताना, मग दोन तास.

एक सूचना मात्र अक्षरशः पाळा. व्यवहाराच्या मधेच "आमचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय, या नव्या खात्यात भरा" असा मेल आला तर थांबा. माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाचे १८,००० डॉलर असेच गेले. पुरवठादार प्रामाणिक होता, मेल मधल्या मधे कोणीतरी वाचत होता, आणि नव्या मेलच्या पत्त्यात एका 'आय'च्या जागी 'एल' होता. खातं बदललं की आधीपासून ओळखीच्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून मालकाचा चेहरा बघून खात्री करा. भारतात वीचॅट २०२० पासून बंद आहे, पण निर्यात करणाऱ्या चिनी लोकांकडे व्हॉट्सअॅप असतंच. आणि पैसे कंपनीच्या नावाच्याच खात्यात. मालकाच्या, मालकाच्या बायकोच्या, हाँगकाँगच्या तिसऱ्याच नावाच्या खात्यात नाही.

बँकेत गेलात की डॉलरचा भाव विचारा. पहिला जो सांगतील तो फलकावरचा असतो. बाजारभावापेक्षा त्यात रुपयाभर चढवलेला असला तरी नवल नाही. ४२ हजार डॉलरवर रुपया म्हणजे ४२ हजार रुपये. शाखेतून ट्रेझरीला फोन लावून भाव घ्यायला सांगा, बहुतेक वेळा अर्धाअधिक फरक निघून जातो. माल आल्यावर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद) त्या आगाऊ रकमेशी बँकेच्या प्रणालीत जुळवून घ्यायला विसरू नका. ते उघडं राहिलं तर पुढच्या वेळी पैसे पाठवताना बँक अडवते.

एफओबी की सीआयएफ (समुद्रभाडं आणि विमाही पुरवठादाराच्या भावात)? तुम्हाला मिळालाय तो एफओबी, तसाच राहू द्या. नवख्याला सीआयएफ सोपं वाटतं, घरपोच आल्यासारखं. त्यात समुद्रभाडं स्वस्त दाखवतात आणि न्हावा शेवाला उतरल्यावर त्यांच्या इथल्या एजंटाचं डिलिव्हरी ऑर्डरचं (माल सोडवायच्या कागदाचं) बिल येतं, ते बघून तुम्ही खुर्चीत बसता. तोवर माल त्याच्या ताब्यात, घासाघीस करायला जागा नाही. थोडाच माल असला आणि तो इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये आला तर हे जास्तच जाचतं. एफओबीमध्ये फॉरवर्डर (माल आणायची व्यवस्था करणारा) तुमचा, त्याच्याकडून इथले सगळे खर्च आधी लेखी घ्या. रिकामा कंटेनर किती दिवसांत परत द्यायचा तेही. गाळ्यावर आणून उतरवलात तर रिकामा डबा कुपवाडहून पुन्हा बंदराकडे पाठवायचा असतो, आणि मुदत ओलांडली की शिपिंग लाइनचं डिटेन्शन (डबा अडकवल्याचं भाडं) रोज चढतं. त्यापेक्षा बंदराजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर रिकामा करायच्या आवारात) उतरवून ट्रेलरवर आणणं पुष्कळदा स्वस्त पडतं. दोन्हीचा भाव काढा. गाळ्यावर उतरवायचं तर लक्षात ठेवा, हायड्रा क्रेनला कंटेनरच्या पोटात हात घालता येत नाही. आतला आठ टनांचा धूड रोलरवर घालून चेन ब्लॉकनं दारापर्यंत ओढावा लागतो. हे जमणारी माणसं मिरजेत आहेत, पण आदल्या दिवशी सांगून मिळत नाहीत.

लाकडी पेटी किंवा लाकडाचे ठोकळे वापरले असतील तर त्यावर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं. तो नसला की बंदरावर माल अडकतो. ट्रायलच्या वेळीच त्याचा फोटो मागा.

ड्युटीचा हिशेब मांडून दाखवते, म्हणजे रोख किती लागेल ते कळेल. पिशव्या बनवणारी यंत्रं ८४४१ २० या शीर्षकात येतात. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरते, आयजीएसटी १८. तुमच्या आठ आकडी कोडचा आजचा दर कस्टम्स ब्रोकरकडून पक्का करून घ्या. डॉलर ९० रुपये धरला तर ४२,००० डॉलरचे ३७,८०,००० रुपये. भाडं आणि विमा मिळून १,२०,००० धरू. झाले ३९ लाख. त्यावर साडेसात टक्के २,९२,५००. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, २९,२५०. या सगळ्याची बेरीज ४२,२१,७५०, आणि तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी ७,५९,९१५. म्हणजे बंदरावर एका दिवशी १० लाख ८१ हजारांच्या पुढे भरायचे. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण ते आधी खिशातून जातं. आणि इथे एक खोच आहे: तुमच्या पिशव्यांवरचा जीएसटी दर खरेदीवरच्या दरापेक्षा कमी असेल तर हे क्रेडिट फार सावकाश संपतं. उलट्या करआकारणीचा जो परतावा मिळतो त्यात भांडवली वस्तूंवरचं क्रेडिट धरत नाहीत. हे साडेसात लाख दोन वर्षं अडकले तर चालतील का, ते तुमच्या सीएबरोबर बसून बघा. बँकेच्या प्रकल्प अहवालात हा आकडा मला बहुधा गायबच दिसतो.

काही वस्तूंना आशिया-पॅसिफिक व्यापार करारात सवलत आहे, भारत आणि चीन दोघंही त्यात आहेत. तुमचं शीर्षक यादीत असेल तर पुरवठादाराकडून मूळ-देशाचा दाखला माल निघण्याआधी मागावा लागतो, नंतर धावपळ होते. ब्रोकरला विचारा, मिळाली तर मिळाली. पिशव्या निर्यात करायचा विचार असेल तर ईपीसीजी परवान्याखाली सीमाशुल्क माफ होतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची हमी द्यावी लागते. निर्यातीची ऑर्डर हातात नसताना त्या वाटेला जाऊ नका.

आणि बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो. यंत्रांना सक्तीचं प्रमाणन लावणारा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये निघाला, पुढे त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली गेली. तुमचं यंत्र कशात बसतं आणि आज काय स्थिती आहे, हे आगाऊ रक्कम पाठवायच्या दिवशी ब्रोकरकडून लेखी घ्या. खेळण्यांच्या धंद्यातल्या लोकांना विचारा, २०२० च्या फेब्रुवारीत शुल्क २० चं ६० टक्के झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस सक्तीचं. वाटेत असलेल्या मालाचं काय झालं, ते अजून सांगतात.

तुम्हाला पुरवठादारानं एक गोष्ट विचारली असेल किंवा विचारेल: "इन्व्हॉइस किती रकमेचं बनवू?" तो उपकार केल्यासारखं विचारतो. पूर्ण रकमेचं बनवायला सांगा. कस्टम्सकडे त्याच प्रकारच्या यंत्रांच्या किमतींची आकडेवारी असते, आणि तुमच्या बँकेतून ४२ हजार डॉलर गेल्याचं सगळ्यांना दिसतं. कमी दाखवलेला फरक मग हवालानं पाठवायचा का? शुल्कापेक्षा दंड मोठा पडू शकतो, आणि पुढे तुमच्या कंटेनरवर कस्टम्सची नजर राहते ती वेगळीच.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, ब्रोकर करतो. आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा) कोड पॅनवर ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करायचा. बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००. म्हणून कागदांचा मसुदा जहाज निघायच्या आधीच ब्रोकरला दाखवा. एका अक्षराची चूक तिकडे पाच मिनिटांत सुधारते, इकडे आठवडा जातो.

या सगळ्यावर तुम्ही म्हणाल, मग भारतातल्या डीलरकडून तेच यंत्र घेतलं तर? विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. डीलर पंधरा-वीस टक्के जास्त घेईल. पण त्याचा फिटर दोन दिवसांत कुपवाडला येत असेल आणि सुटे भाग त्याच्या कपाटात असतील तर पहिल्या यंत्राला मी डीलरच सुचवते. चिनी इंजिनिअर येऊन यंत्र बसवून देईल हे पुरवठादाराचं वाक्य व्हिसा हातात पडेपर्यंत धरू नका. तुमचा भाऊ फिटर-इलेक्ट्रिशियन आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून थेट आयात तुम्हाला जमू शकेल असं मला वाटतं. मात्र ट्रायलला तुम्ही नको, भाऊ जाऊ दे. यंत्र उघडताना-जोडताना त्यानं मोबाइलवर सगळं चित्रित करावं, वायरिंगच्या प्रत्येक टोकावर क्रमांक आहे का ते बघावं. ते चित्रण इथे जोडणीच्या दिवशी माहितीपत्रकापेक्षा जास्त कामाला येतं.

शेवटी वेळापत्रक, कारण तुम्ही दिवाळीच्या सुमारास ऑर्डर द्यायचं म्हणताय. असं यंत्र बनायला ६० दिवस सांगतात, ७५ धरा. २०२७ मध्ये चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या तीन आठवडे आधीपासून कामगार गावी जायला लागतात आणि नंतर कारखाना रुळावर यायला फेब्रुवारी संपतो. दिवाळीत ऑर्डर दिलीत तर तुमचं यंत्र नेमकं सुट्टीच्या तोंडावर, घाईघाईत जोडलं जाईल, आणि ट्रायलचे दोन तास कोणालाच नको असतील. एक तर ऑगस्टमध्येच रक्कम पाठवा, म्हणजे १ ते ७ ऑक्टोबरची त्यांची सुट्टी धरूनही नोव्हेंबरमध्ये ट्रायल होईल, किंवा सरळ मार्चवर ढकला. रोल मात्र आत्ताच, पावसाळ्यातलेच पाठवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, म्हणजे इथला ओलावा तिथपर्यंत टिकेल.